चतुराबाई नाही म्हणाल्या नव्हत्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या धर्मादाय दवाखान्याच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख माननीय सुरेशराव, पुण्याहून या कार्यक्रमासाठी मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या मंगलाताई, व्यासपीठावर बसलेले विश्वस्त, आज आपण ज्यांना निरोप देतो आहोत त्या आमच्या सिस्टर कुसुमताई, त्यांच्या घरची मंडळी, माझे सहकारी, आणि कुकटपल्लीपासूनचा ट्रॅफिक सोसून वेळेवर नारायणगुड्याला पोचलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी डॉक्टर मेधा. काचीगुड्याच्या आपल्या दवाखान्यात एकतीस वर्षं काम करते. कुसुमताई माझ्याही आधी दोन वर्षं तिथं होत्या. मी पुण्याहून लग्न होऊन इथं आले तेव्हा मला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. पेशंट मला काय झालंय ते सांगायचा, आणि मी कुसुमताईंच्या तोंडाकडं बघायची. मराठी, तेलुगू, दखनी, जे समोर येईल त्यात त्या बोलायच्या. ‘हौ अम्मा, बैठो’ म्हणून एखाद्या म्हातारीला बसवायच्या आणि तिच्या पोटातलं सगळं काढून मला दोन वाक्यांत सांगायच्या. माझ्या हुशारीतली अर्धी हुशारी त्यांची होती, हे आज कबूल करून टाकते. पगार मात्र माझा जास्त होता.

आत्ताच मंगलाताईंनी आपल्या भाषणात आकडे सांगितले. साठीच्या पुढच्या लोकांचं लसीकरण आपण संगणकाच्या मदतीनं एकवीस टक्क्यांवरून चौऱ्याहत्तर टक्क्यांवर नेलं, आणि त्याबद्दल आपल्याला पुरस्कार मिळाला. मंगलाताई, तुम्हाला जो कागद दिला गेला त्यात तसंच लिहिलेलं आहे, त्यात तुमची काही चूक नाही. पण तो आकडा खरा नाही. तो खरा नाही हे ज्यांनी शोधून काढलं, त्यांना आज आपण शाल देतो आहोत. मग त्यांच्याबद्दल बोलताना ते सोडून मी बाकी काय बोलू?

कुसुमताईंना मी चार दिवसांपूर्वी विचारलं, ‘हे सगळं बोलू का? तुमचा आनंदाचा दिवस आहे.’ त्या म्हणाल्या, ‘बोला. पण बोलणार असाल तर बोट माझं होतं हेही सांगा. अर्धं सांगू नका.’ म्हणून पूर्ण सांगते.

करोनानंतरच्या वर्षी आपण दवाखान्याच्या सगळ्या फाइली संगणकावर घेतल्या. पुष्कर, आमचा हा इंजिनीयर मुलगा, समोरच बसला आहे, त्यानं शनिवार-रविवार खर्चून आपल्यासाठी फुकटात प्रोग्रॅम लिहिला. साठीच्या पुढच्या माणसाचं नाव उघडलं, आणि त्याची फ्लूची किंवा न्यूमोनियाची लस राहिलेली असली, की पडद्यावर वर एक लाल पट्टी यायची. पट्टीखाली तीन बटणं. एक, लस दिली. दुसरं, वैद्यकीय कारणानं देता येत नाही. तिसरं इंग्रजीत होतं, रिफ्यूज्ड, म्हणजे नाकारली. तिन्हींपैकी एक दाबल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. कल्पना चांगली होती. आजही चांगली आहे. ज्यांना आपण कधी विचारलंही नसतं, अशा शेकडो लोकांना त्या लाल पट्टीमुळं लस मिळाली.

प्रोग्रॅम सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात पुष्करनं मला विचारलं, ‘मॅडम, जे आज नको म्हणतील त्यांचं काय करायचं? चौथं बटण देऊ का?’

मी त्याला काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, ‘आज नको म्हणणारा माणूस उद्याही नकोच म्हणतो. चौथं बटण दिलंस तर सगळे तेच दाबत बसतील.’

तो म्हणाला, ‘पण रिफ्यूज्ड दाबलं की पट्टी कायमची जाते, मॅडम. ते नाव मोजणीतूनही निघतं.’

‘जाऊ दे,’ मी म्हणाले. ‘नको असलेल्याच्या मागं किती लागायचं?’

पंचवीस वर्षांचा मुलगा, समोर पन्नाशी ओलांडलेली डॉक्टर, काय वाद घालणार? मी हसलेसुद्धा होते. माझा अनुभव बोलत होता ना!

आता चतुराबाईंबद्दल. आपल्यापैकी काही जण त्यांना ओळखत असतील. भालकीकडचं शेतकरी घर, निजामाच्या राज्यातलं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर इथं आल्या. नवरा नामदेवराव, त्यांचं धान्याचं दुकान होतं. घर स्टेशनाच्या मागच्या गल्लीत. चतुराबाईंना साखरेचा आजार, त्यात दमा. दर महिन्याला त्या गोळ्या न्यायला यायच्या. डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायच्या नाहीत, आणि खोलीत येताना चपला बाहेर काढायच्या. आम्ही दोनशे वेळा सांगितलं असेल, आजी, चपला घालून या. ‘देवाच्या आन् डागदराच्या दारात नको,’ म्हणायच्या.

तेरा ऑक्टोबर दोन हजार बावीस. गुरुवार होता. कुसुमताईंनी त्यांचं नाव उघडलं, लाल पट्टी आली. कुसुमताई म्हणाल्या, ‘आजी, न्यूमोनियाची सुई घ्यायची आहे. आज देऊ?’

चतुराबाई म्हणाल्या, ‘आज उपास हाय गं माय. उपाशीपोटी नको. पुढल्या खेपंला दे.’

बाहेर तीस-पस्तीस माणसांची रांग. पडदा पुढं सरकत नाही. कुसुमताईंनी पहिलं बटण दाबलं असतं तर ते खोटं झालं असतं. दुसरं दाबलं असतं तर तेही खोटं. म्हणून तिसरं दाबलं, आणि पान उघडलं. पुढच्या महिन्यात लक्षात ठेवून देऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. ते त्यांनी मला नंतर सांगितलं. मला ते पटतं, कारण संगणक येण्याआधी जवळजवळ तीस वर्षं त्यांनी अशाच हजारो गोष्टी मनाशी ठरवून लक्षात ठेवल्या होत्या.

पुढच्या महिन्यात कुसुमताई रजेवर होत्या. बहिणीचं ऑपरेशन होतं, निजामाबादला. चतुराबाई आल्या. जेवून आल्या होत्या. काउंटरवर आमची सहकारी अपर्णा होती. तिला म्हणाल्या, ‘आज जेवून आले बग. दे सुई.’

अपर्णानं नाव उघडलं. लाल पट्टी नाही. तिनं दोनदा बघितलं. मग म्हणाली, ‘आजी, तुमचं काही बाकी दाखवत नाही. सगळं ओके आहे.’

अपर्णा, तू मान खाली घालू नकोस. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. ज्या पडद्यावर विश्वास ठेव म्हणून आम्ही तुला शिकवलं होतं, त्यावर तू विश्वास ठेवलास.

चतुराबाई घरी गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, ‘कंप्युटरनं सांगितलं, मला सुई लागत नाही.’ शेजारच्या दोघीतिघींनाही सांगितलं. थोड्या अभिमानानंच सांगितलं म्हणे.

त्यानंतर सव्वीस महिने त्या येत राहिल्या. सव्वीस वेळा त्यांचं नाव उघडलं गेलं. त्यातल्या नऊ वेळा ते मी स्वतः उघडलं. मी त्यांची छाती तपासली, दम्याचा पंप कसा ओढायचा ते दाखवलं, नातवाची चौकशी केली. लसीचं मला एकदाही आठवलं नाही. पट्टी नव्हती ना. पूर्वी मी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला विचारायची, घेतली का हो सुई? पट्टी आल्यापासून मी विचारणं बंद केलं होतं. कधी बंद केलं, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत त्यांना ताप आला. तिसऱ्या दिवशी श्वास लागला. मुलानं, रितेशनं, मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं. अकरा दिवस त्या व्हेंटिलेटरवर होत्या. तोंडात नळी असल्यामुळं बोलता येत नव्हतं. नामदेवराव रोज ठरलेल्या वेळी काचेपलीकडून बघून यायचे. बाराव्या दिवशी सकाळी त्या गेल्या. दाखल्यावर कारण लिहिलं होतं, न्यूमोनिया.

लस घेतली असती तर त्या वाचल्या असत्या का? मला माहीत नाही. हे मी डॉक्टर म्हणून सांगते आहे, स्वतःला वाचवण्यासाठी नाही. लस घेतलेली माणसंही जातात. पण घेतलेल्यांपैकी कमी जातात. त्या घ्यायला तयार होत्या, पोटभर जेवून दारात आल्या होत्या, आणि आम्ही त्यांना परत पाठवलं, एवढं मला माहीत आहे.

तीन आठवड्यांनी नामदेवराव आणि रितेश दवाखान्यात आले. हॉस्पिटलनं जुनी कागदपत्रं मागितली होती तेव्हा आम्ही चतुराबाईंच्या नोंदींची प्रिंट दिली होती. नामदेवरावांच्या हातात तोच कागद होता. त्यांना इंग्रजी येत नाही. रितेशला मराठी वाचायला जड जातं, पण त्यानं इंग्रजी नोंदी बापाला वाचून दाखवल्या होत्या.

नामदेवराव बसले नाहीत. उभ्यानंच कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

‘डागदरीणबाई, हे रिफ्यूज म्हंजे काय?’

मी म्हणाले, ‘लस नको म्हणाल्या, असं.’

‘कोण?’

‘चतुराबाई.’

‘ती कवा नाही म्हणली?’

मी तारीख वाचली. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, दुःखात आहे, समजूत घालावी. मी म्हणाले, ‘काका, पुष्कळ लोक घाबरतात सुईला. त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल.’

हे माझं वाक्य आजही मला झोपू देत नाही.

कुसुमताई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि म्हणाल्या, ‘मॅडम, थांबा. काका, त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. उपास आहे, पुढच्या वेळी दे, म्हणाल्या. बटण मी दाबलं.’

रितेशचा चेहरा लाल झाला. तो काहीतरी बोलणार होता, नामदेवरावांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. ते कुसुमताईंकडं बघत होते. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, ‘मग ते खोडा.’

मी तिथूनच पुष्करला फोन लावला. पुष्कर म्हणाला, ‘मॅडम, मृत्यूची नोंद झाली की रेकॉर्ड बंद होतं. जुनी ओळ खोडता येत नाही. खाली टीप जोडता येईल फक्त.’ नियम योग्यच आहे. मेलेल्या माणसाच्या नोंदी कुणालाही बदलता आल्या तर काय काय बदललं जाईल, विचार करा.

मी नामदेवरावांना ते समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

‘म्हंजे ऱ्हाणार,’ ते म्हणाले. ‘पंचावन साल संसार केला. कुणाला नाही म्हणलेली बाई नाही ती. आन् तिच्या नावावर हेच ऱ्हाणार.’

मग जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारलं, ‘असं अजून किती जणांच्या नावावर लिवलंय?’

श्रोतेहो, आम्हाला पुरस्कार देणाऱ्या समितीत चार डॉक्टर होते. त्यांनी हा प्रश्न विचारला नव्हता. मी विचारला नव्हता. चौथीपर्यंत शिकलेल्या एका दुकानदारानं तो विचारला.

मी शोध घेतला. सहाशे आठ.

त्या संध्याकाळी कुसुमताईंनी सहाशे आठ नावांची यादी छापून घेतली, आणि आठ महिने त्या यादीमागं लागल्या. ड्यूटी संपल्यावर फोन. फोन न लागला तर रविवारी ऑटोनं घरी. मी म्हटलं, आपण वाटून घेऊ. दहा-वीस नावं मी केली, अपर्णानं शंभरएक केली. बाकी सगळी त्यांनी. एकच प्रश्न विचारायचा, तुम्ही तेव्हा नेमकं काय म्हणाला होता?

काय काय म्हणाली होती ही माणसं? कुणाला त्या दिवशी सर्दी होती. एक आजोबा म्हणाले होते, मुलाला विचारून सांगतो. मुलगा अमेरिकेत, त्यानं दुसऱ्याच दिवशी हो म्हटलं, पण आजोबांना पुन्हा कोणी विचारलं नाही. एका बाईंना ऐकू कमी येतं. त्यांनी नुसती मान हलवली होती. एकीच्या ब्लाउजची बाही घट्ट होती आणि खोलीत पुरुष कंपाउंडर होता. तिनं नको म्हटलं, ती आणखी काय म्हणणार?

सहाशे आठपैकी खरोखर लस नको असलेले निघाले एकेचाळीस. चौऱ्याण्णव जणांचा पत्ता लागला नाही. चारशे सोळा जण तेव्हाही लस घ्यायला तयार होते, फक्त त्या दिवशी नाही. आणि सत्तावन्न जण वारलेले होते.

या सत्तावन्न जणांच्या घरी जाऊ नका, असं मी कुसुमताईंना सांगितलं होतं. त्यातले सगळे काही न्यूमोनियानं गेलेले नव्हते. कुणाला कॅन्सर होता, कुणाचं हृदय थांबलं. उगीच जखम उघडण्यात काय अर्थ? त्यांनी ऐकलं नाही. प्रत्येक घरी गेल्या, दार वाजवलं, आम्ही असं असं लिहिलंय, ते खरं आहे का, म्हणून विचारलं. दोन घरांत त्यांना हाकलून दिलं. एका घरात सुनेनं त्यांच्या अंगावर पाणी टाकलं. ओल्या साडीनं त्या दुसऱ्या दिवशीच्या यादीतला पत्ता विचारायला माझ्याकडं आल्या. मी म्हटलं, ‘पुरे करा हो आता.’ त्या म्हणाल्या, ‘मॅडम, खोडता येत नाही ना? मग खाली खरं तरी लिहू.’ आज त्या सत्तावन्न नोंदींखाली टीप आहे. चतुराबाईंच्या नोंदीखाली पहिली.

हे सगळं घेऊन मी विश्वस्तांच्या बैठकीत गेले. चौऱ्याहत्तर टक्के हा आकडा नाकारलेली नावं वगळून काढलेला होता. ती मोजणीत घेतली तर तेव्हाचा खरा आकडा त्रेपन्न होता. अध्यक्ष महोदय, तुमच्याबद्दल मला आदर आहे, तुमच्यामुळं या शहरातल्या गरिबाला औषध मिळतं. त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, ‘मेधाताई, हे बाहेर सांगायलाच हवं का?’ मी त्यावर काहीच बोलले नाही. कागद गुंडाळून घरी गेले. माझं ते गप्प बसणंही आजच्या हिशेबात धरा. आज बाहेर सांगितलं आहे. पुरस्कार देणाऱ्यांना कालच पत्र पाठवलं. नियमानं आधी तुमची परवानगी घ्यायला हवी होती. घेतली नाही.

पुष्करनं आता चौथं बटण दिलं आहे. ते दाबलं की पुढच्या भेटीत पट्टी पुन्हा येते. आणि तिसरं बटण दाबलं तरी तीन महिन्यांनी पट्टी परत येते, कारण खरोखर नाही म्हणणाऱ्यालाही मत बदलायचा हक्क आहे. हे बसवायला त्याला एक दुपार लागली. ‘मी तेव्हा हट्ट धरायला हवा होता, मॅडम,’ असं तो म्हणाला. नाही रे बाळा. तू विचारलं होतंस.

अजून एक सांगायचं राहिलं. अध्यक्षांनी घड्याळाकडं पाहिलेलं मला दिसलं आहे, थोडक्यात सांगते.

नामदेवराव आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचीही लस राहिलेली आहे. त्या दिवसानंतर ते दवाखान्याची पायरी चढले नाहीत. मग कुसुमताई त्यांच्या घरी गेल्या. नामदेवराव म्हणाले, ‘मव्हं तरी खरं लिव्ह. मी नाही म्हणतोय. आता दाब तुझं बटण.’ कुसुमताईंनी त्यांच्यासमोर मोबाइलवर त्यांचं नाव उघडलं आणि तिसरं बटण दाबलं. तीन महिन्यांनी पट्टी आली, त्या पुन्हा गेल्या. पुन्हा नाही. नंतर त्या पट्टीची वाट न बघता जायला लागल्या. सुनेनं दिलेला चहा घ्यायचा, गुडघ्यांची चौकशी करायची, विचारायचं, नाही ऐकायचं आणि उठायचं. रितेश अजून त्यांच्याशी बोलत नाही. त्या आल्या की तो आतल्या खोलीत जातो. तो त्याचा अधिकार आहे.

काल कुसुमताई त्यांच्याकडं शेवटच्या वेळी गेल्या. मीही बरोबर होते, पहिल्यांदाच. मला नामदेवरावांनी ओळखलं, पण बसा म्हणाले नाहीत. कुसुमताईंनी विचारलं. ते नाही म्हणाले.

मग कुसुमताई म्हणाल्या, ‘काका, उद्या मी रिटायर होते. आता मी येणार नाही. अपर्णा येईल.’

‘कोण अपर्णा?’

‘काउंटरवर असते ती. तिनंच आजींना सगळं ओके आहे म्हणून सांगितलं होतं.’

माझ्या मनात आलं, हे सांगायची काय गरज होती? आतून कुकरची शिट्टी झाली.

‘ती येऊन काय करंल?’

‘विचारेल.’

‘मी नाहीच म्हणणार.’

‘म्हणा ना. ती लिहून घेईल. आणि परत येईल.’

त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. आम्ही निघालो, चपला घातल्या. तेव्हा मागून आवाज आला, ‘विचारू दे.’

एवढंच. हो म्हणाले नाहीत. या हिवाळ्यातही त्यांनी लस घेतलेली नाही, आणि मला त्यांची काळजी वाटते.

कुसुमताई, तेहतीस वर्षांच्या सेवेबद्दल दवाखाना तुमचा ऋणी आहे. ही शाल तुम्हाला घरी बसून पांघरता यावी, एवढी इच्छा. अपर्णा, पहिल्यांदा जाशील तेव्हा एकटी जाऊ नकोस, मी येईन.

मला बोलायची संधी दिलीत, एवढा वेळ ऐकून घेतलंत, यासाठी अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. समारंभाला शोभेल असं मी बोलले नाही. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाला एखादा शब्द लागला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घालावं. बाकी ज्यांची माफी मागायला हवी, ती सत्तावन्न माणसं या सभागृहात नाहीत.

नमस्कार.